बसवायचं की जाळायचं

"महादेवप्पा, हाताला चुना लागलाय, पुसा," व्यंकटराव म्हणाले. व्यंकटराव आडतीवरचे मुनीम. सरळ माणूस, त्यांच्या मनात काही नव्हतं. मी पोत्याचं तोंड शिवत बसलो होतो. पाठ गेल्यापासून मी पोती उचलत नाही. दाभण आणि सुतळी घेऊन बसतो आणि हमालांनी भरून ठेवलेल्या पोत्यांची तोंडं शिवतो. त्या साली तेही काम उरलं नव्हतं. लागोपाठ दुसरा पावसाळा बुडालेला, लातूरच्या मोंढ्यात माल नावाला, आणि आम्ही माणसं नुसती सवयीनं येऊन बसायचो. मी तंबाखू खाणारा, चुना लागायचाच. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी पांढरं दिसलं ते धोतराला पुसलं. थुंकी लावून घासलं. मग उठून रांजणाकडं गेलो, रांजणात तळाला गाळ होता, तसाच माघारी आलो. घासून घासून भोवतालची कातडी तांबडी झाली आणि मधलं पांढरं आणखीच उठून दिसायला लागलं. "निघाला का?" व्यंकटरावांनी न बघताच विचारलं. "निघाला," मी म्हणालो आणि हात पोत्याखाली घातला.

माझ्या आईचंही हातापासूनच सुरू झालं होतं. आमचं गाव उदगीरच्या पलीकडं, जिथं माणूस मराठीत बोलतो आणि कानडीत भांडतो. तिथं ह्याला तोन्नू म्हणतात, इकडं कोड म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही, शेजारच्याला लागतही नाही. आईच्या हातावरून ते कोपरापर्यंत चढलं, मग गळ्याला आलं, मग ओठाच्या कडेला. तिचं नाव कस्तुराबाई, पण गावातल्या बायका ती नसताना तिला पांढरी म्हणायच्या आणि ती समोर असताना तिच्याआधी आपली घागर भरून घ्यायच्या. तिला राग यायचा नाही. ती म्हणायची, मला उन्हाचं लई लागतंय बाबा, एवढंच हाय. उन्हात ती पदर हातावर ओढून घ्यायची, तसा मी आता मोंढ्यात हात झाकत होतो, आणि झाकताना मला कळत होतं की ही माझी सवय नाही, ही तिची सवय आहे, ती माझ्या हातात येऊन बसली आहे. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षी ती गेली. आमच्यात जाळत नाहीत. आम्ही लिंगायत, आमच्यात माणसाला बसवतात. मांडी घालून, पाठ ताठ करून, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. मीच खड्ड्यात उतरलो होतो. खड्ड्याच्या एका अंगाला कपार काढलेली असते, तिच्यात माणूस देवळीतल्या दिव्यासारखा बसतो. भोवती विभूती, बेल आणि मीठ घालतात. मिठाची दोन पोती मी उदगीरहून डोक्यावरून आणली होती. घर विकावं लागलं असतं तरी मीठ कमी पडू दिलं नसतं, कारण ती आयुष्यभर आळणी खाणारी, कुणीतरी तिला सांगितलं होतं की मीठ सोडलं की अंग काळं होतं.

दुष्काळात मी नांदेडला मिलमध्ये होतो. गावी माझा चुलत भाऊ व्यंकटी शेत बघायचा. पाऊस झाल्याचं कळलं तशी सुट्टी टाकून पेरणीला आलो. बैल घेऊन शेतात गेलो आणि लिंबाखाली आईच्या जागी खड्डा दिसला. पहिल्यांदा मला वाटलं जमीन खचली. खड्ड्यात पाणी साचलं होतं, स्वच्छ, कपारीपर्यंत. काठाला गावातली मोकळी गुरं उभी होती आणि माना घालून माती चाटत होती. माझेही बैल ओढ घ्यायला लागले. मी कासरा धरून उभा राहिलो, मला कळेना हे मातीला का लागले. मग मिठाची आठवण आली. मी बैलांना मारलं. त्याआधी आणि त्यानंतर मी बैलाला कधी मारलं नाही. व्यंकटीला विचारलं तर तो म्हणाला, "गावानं केलं दादा. एकट्यानं कुनी केलं न्हाई." "काय केलं?" "तोन्नू असल्यालं मानूस मातीत ठिवलं की आभाळ धरून बसतंय म्हनले. उकरायला पायजे म्हनले. देशमुखापासून कोळ्यापर्यंत समदे होते." "कुठं नेलं तिला?" व्यंकटीनं आभाळाकडं बघितलं, मग खड्ड्यातल्या पाण्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तिसऱ्या दिशी पानी आलं दादा." त्या घटनेत सगळ्यात वाईट काही झालं असेल तर हे झालं. पाऊस पडला. न पडता तर मी गावाला शिव्या दिल्या असत्या, वेडी माणसं म्हणालो असतो, आणि सुटलो असतो. पण त्या साली ज्वारी अशी आली की कणसं वाकली. ती मीही खाल्ली. खड्डा बुजवला, वर दगड ठेवला. सिंधु तेव्हा थोरलीला कडेवर घेऊन माहेरी आली होती. तिला आजीची जागा म्हणून तोच दगड दाखवला आणि तिनं त्याला हात जोडले.

तर मोंढ्यात हात पोत्याखाली घालून बसलो असताना एवढं ठरलं की मला जाळायला पाहिजे. मरणाचं भय नव्हतं. मरण ह्या वयात पाहुण्यासारखं असतं, येतो म्हणून कळवलेलं. भय एवढंच होतं की मला कपारीत बसवतील, आणि कुठल्या तरी कोरड्या साली लोक टिकाव घेऊन येतील, आणि मला पुन्हा उजेडात काढतील. जाळलेल्याला कुणी उकरत नाही. पण लिंगायताला जाळायचं म्हणजे का जाळायचं ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की नांदेडला दिलेल्या आमच्या सिंधुच्या दोन पोरी उजवायच्या राहणार. पणजीला होतं, आजोबाला होतं, म्हणजे रक्तातच आहे म्हणतील. आईचं आम्ही सिंधुच्या सासरी कळू दिलं नव्हतं. आता माझा हात बोलायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी मी चाँदपाशाच्या वखारीत गेलो. चारपाच वर्षांपूर्वी लातूरचा जिल्हा झाला, तेव्हापासून गावाच्या भिंती आणि रस्ते सारखे उकलत होते. कलेक्टर कचेरीच्या बाहेर भिंतीवर नव्या जिल्ह्याचा नकाशा रंगवला होता. उस्मानाबादेतून काढलेला तुकडा, भोवती जाड रेघ, आत अहमदपूर, उदगीर, निलंगा. मी अक्षरं पन्नाशीला शिकलो, त्यामुळं भिंतीवर जे दिसेल ते वाचत उभा राहायची खोड आहे. रस्ते रुंद करायला कडेची झाडं पाडली होती, आणि खेड्यांतून वाळलेले आंबे, चिंचा गाड्या भरून येत होत्या. चाँदपाशाच्या वखारीत रस्त्यापर्यंत ओंडके आले होते. एका ओंडक्याच्या ढोलीत पाखराचं घरटं तसंच होतं. "क्या अप्पा," चाँदपाशा म्हणाला, "मय्यत किधर है?" मी म्हणालो, अजून न्हाई, भाव इचारून राहिलो. "मय्यत नै तो क्या बयाना देने आये? बोलो, मर्द है की औरत? मोटा है क्या?" मी म्हणालो, माझ्याएवढं. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, जसा मी पोत्याकडं बघून वजन सांगतो तसा. "तुमारे में क्या है अप्पा, हड्ड्यां. तीन क्विंटल बस है. इस साल लकडी सस्ती है, सुके में लोगां सब झाडां काट को ला रै. अगले साल पानी पडा तो भाव चढींगा. जिसको जाना है उसको बोलो, इसीच साल जाव." आणि तो स्वतःच हसला. मग त्याच्या लक्षात आलं. "पर तुम लोगां तो बैठाते ना?" मी म्हणालो, वळखीचा एक मानूस हाय, त्याच्यासाठी. "क्या दिन आ गये, लोगां जीते जी भाव पूछ रै. पिछले महिने एक बुढ्ढी बी ऐसाच पूछ को गयी. दो का लिये तो कुछ कम करते क्या बोली. मैं बोला, अम्मा, पहिले मरो तो सही." मीही हसलो. हात धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला होता.

तीन क्विंटल लाकूड, वर गोवऱ्या, थोडं रॉकेल. पोती शिवून शिलकीला पडलेल्या पैशात ते बसत होतं. बसवण्याचं काय पडतं तेही विचारावं म्हणून भिक्षेला मोंढ्यात येणाऱ्या स्वामींना बाजूला घेतलं. स्वामी म्हणाले, "बसवून न्यायचं विमान सजवायचं त्याचा खर्च मनावर आहे, केळीचे खांब नसले तर ज्वारीची धाटं लावू. विभूती, बेल, मीठ, माझी दक्षिणा, तुम्ही द्याल ती. पण लातुरात खड्डाच महाग झालाय अप्पा. हातभर खाली मुरूम लागतो, आणि दुष्काळानं जमीन अशी आवळलीय की पहार उडून अंगावर येते. खणणारे दुप्पट मागतात. त्यापेक्षा गावी न्या. तुमच्या शेताची काळी माती आहे, भेगा पडल्यात तर खणायलाही सोपी, आणि जागेला पैसा नाही." मी मान हलवली. सगळ्यात स्वस्त काय, तर तेच लिंब, तीच माती, आईशेजारी. आईशेजारी म्हणजे कुणाशेजारी? मी विचारलं, स्वामी, आपल्यात कुणी जाळून घेतलं तर? ते चालता चालता थांबले. "मग हातातल्या लिंगाचं काय करणार? ते जाळणार?" एवढं बोलून ते पुढच्या आडतीवर गेले. गळ्यातलं लिंग मला त्या दिवशी जड लागलं. आईचंही लिंग तिच्या तळहातावर ठेवलं होतं. उकरलं तेव्हा ते कुणाच्या हाती गेलं, की मातीत पडलं, की गुरांनी चाटलं, हे मला व्यंकटीला विचारायचं होतं आणि कधी विचारलं नाही.

टँकर यायचा तेव्हा मी पारूबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, रांगेत जाऊ द्यायचो आणि स्वतः घरात बसायचो. पूर्वी आम्ही दोघं जायचो. एकदा ती आजारी होती म्हणून मी घागर घेऊन गेलो. लोक उन्हात उभे होते, कुणी आभाळाकडं बघून बोललं, "यंदा कुनाचं पाप आडवं आलंय काय की." बोलणारा माझ्याकडं बघत नव्हता. पण माझा डावा हात घागरीच्या काठावर होता, आणि मला वाटलं, आत्ता हा हात सगळ्यांना दिसतो आहे, आणि हात बघून आभाळही थांबलं आहे. मी जिवंत आहे, मातीत नाही. तरी वाटलं. डॉक्टर सांगो, पुस्तक सांगो, मी स्वतः अक्षरं लावून आरोग्याच्या पाटीवर वाचलेलं असो की हा साधा कातडीचा दोष आहे. पाटी मनाच्या बाहेरच्या भिंतीवर होती. आत तो खड्डा होता आणि त्यात तिसऱ्या दिवशीचं पाणी होतं. मी घागर अर्धीच भरली आणि माघारी आलो.

नांदेडची गोष्ट मनात आली ती ह्यातूनच. मिलमधली माणसं कधीच पांगली, नांदेडला आता आम्हाला ओळखणारं कोण? गोदावरीच्या काठी सगळ्या जातीची माणसं जळतात. तिथं मेलो तर जावई म्हणेल, गावाकडं न्यायचं परवडत नाही, इथंच उरकू. सिंधुला भेटायच्या निमित्तानं गेलो. एसटी अहमदपूर, लोहा करत जाते. वाटेत प्रत्येक गावाच्या फाट्यावर रिकाम्या घागरींची रांग, बायका सावलीला, घागरी उन्हाला. उतरलो तो आधी घाटावर गेलो. नदी एवढीशी झाली होती, पलीकडच्या काठाला. एक चिता विझत होती आणि एक माणूस बांबूनं निखारे सारत होता. मी त्याला रामराम घातला, विचारलं, इथं काय पडतं. "कुठून आनायचंय?" लातूरहून. त्यानं बांबू टेकवला. "जीपवाला मड्याचं दुप्पट घेतो मामा. त्यापरीस पेशंटला आदीच घेऊन या. एसटीच्या तिकिटात भागतंय." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "राग नका मानू, लोक करत्यात तसं." मी बराच वेळ तिथं बसलो. जळणाऱ्यातून आधी काहीतरी फुटल्याचा आवाज येतो, मग नुसती धग, मग काही नाही. त्या काही नाहीवर माझी नजर ठरली. इतकं काही नाही, की कुठलाही गाव टिकाव घेऊन आला तरी त्याला उकरायला जागा मिळणार नाही. मला बरं वाटलं. पण मुलीच्या दारात जाऊन मरायचं, मुद्दाम, तिकीट काढून, हे काही माझ्या हातून होणारं नव्हतं. ते तिथंच बसल्या बसल्या कळलं.

सिंधु थोरल्या पोरीची वेणी घालत होती. लोह्याचे पाहुणे पोरगी बघून गेले होते, पसंत आहे म्हणाले होते. "चौकशी लई केली अप्पा," सिंधु म्हणाली, "आईकडच्या कुनाला काही न्हाई ना, म्हने. मी म्हनलं, आमच्याकडं काय असतंय, नुसती गरिबी." पोरगी हसली. तिचे हात मांडीवर होते, गव्हाळ, नितळ. मी ते बघत राहिलो, बोटं, मनगट, अंगठ्याचं बूड. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं हात पदराखाली घेतले. "तुमच्या हाताला काय झालं?" सिंधुनं विचारलं. चहाचा चटका बसला, मी म्हणालो, आणि कप उजव्या हातात घेतला. निघताना तिनं पिशवीत नारळ घातला. दर साली घालते. "गावाकडं गेलात तर आजीला वाढवा. पोरीचं जमून राहिलंय म्हनावं." मी तो नारळ लातूरला आणला. बाकीच्या वर्षी गावी जाऊन त्या दगडापुढं फोडतो आणि पाणी मातीवर सोडतो. त्या मातीखाली कुणी नाही, हे जगात ज्यांना माहीत आहे ते सगळे त्या वेळी माझ्यासारखेच गप्प उभे असतात. ह्या साली तो खुंटीलाच राहिला. रात्रंदिवस वाटायचं की आत पाणी हलतंय.

शेवटी मी ग्यानोबाशी बोललो. ग्यानोबा कांबळे माझ्याबरोबर दहा वर्षं पोती वाहिलेला, बौद्ध, माझ्याहून लहान, मला आप्पा म्हणतो. मोंढ्यात रिकाम्या वजनकाट्याच्या सावलीला बसून त्याला सगळं सांगितलं, आईचं, खड्ड्याचं, गुरांचं, हाताचं. इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं माझा हात हातात घेतला, उन्हाला धरून पाहिला आणि सोडला नाही. "आमचा आजा पुरलेला, बाप पुरलेला," तो म्हणाला. "बौद्ध झाल्यावर जाळाया लागलो, तर न्यायला वाट देत न्हाईत. दरसाली कुनी तरी मरतंय आन दरसाली तहसीलला जावं लागतंय. आमाला जागा न्हाई, आन तुमाला जागा हाय तर त्यात बसू देत न्हाईत. बरं हाय, बराबरी झाली." मी विचारलं, "ग्यानोबा, मी गेलो तर तू मला जाळशील का? माझे लोक जाळनार न्हाईत." काट्याची साखळी वाऱ्यानं वाजत होती. "जाळीन," तो म्हणाला, "आन मग तुमचे लोक मला जाळतील त्याचं काय?" आम्ही दोघं हसलो, पण तो मस्करी करत नव्हता. एका लिंगायताला बौद्धानं परस्पर जाळलं हे गावात गेलं तर काय होईल ते दोघांनाही दिसत होतं. "आप्पा, वयनी म्हनली तर येतो. लाकडं वाहतो, रचतो, शेवटपत्तोर बसतो. पन काडी वयनीनं लावायची. वयनीला इचारलंय का?"

विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं नव्हतं. पारूबाईच्या पत्र्याच्या पेटीत एक कोरं पांढरं लुगडं आहे आणि त्यात गुंडाळून विभूतीचे गोळे, कपिलधारहून आणलेले. तिच्या बसवण्याची तयारी. ती कधीकधी पेटी उघडून वास घेते. लहानपणी तिचा बाप गेला, त्याला मळ्यात बसवला, आणि ती सांगते की मला भ्या वाटलं न्हाई, बाप झोपला नव्हता, बसला होता, बसलेलं मानूस उठून येईल असं वाटतं. तिला मी कोणत्या तोंडानं म्हणू की मला निजवून जाळ. आणि माझ्यामागं तू एकटी बस.

सोमवारी ती माझी पाठ घासते. लग्नापासूनची रीत नाही, सिंधुची धाकटी झाली तेव्हाच्या सुमारापासूनची. मी पूर्वी आपलाआपण अंघोळ करायचो. एका सोमवारी ती म्हणाली, पाठ तुमची तुमाला पोचत न्हाई, बसा. तेव्हापासून अंघोळ झाली की पाठ कोरडी करून तिच्यावर विभूती लावते, चांगली हातभर, खांद्यापासून कमरेपर्यंत. मोंढ्यातले लोक म्हणायचे, महादेवप्पाची बायको लई भक्तीची. दुष्काळानं अंघोळ तांब्यावर आली होती, पण सोमवार चुकला नव्हता. त्या सकाळी मी शहाबादी फरशीवर उकिडवा बसलो, तिच्या हातात एक तांब्या पाणी, टँकरचं, त्यात फडकं बुडवून ती पाठ पुसत होती. मी भिंतीकडं तोंड करून म्हणालो, "मी गेल्यावर मला बसवू नको. जाळ." तिचा हात थांबला नाही. फडकं पिळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "चाँदपाशा किती म्हनला?"

मी वळायला गेलो, तिनं खांदा दाबून तसाच बसवला. "मला तर म्हनला, अम्मा, पहिले मरो," ती म्हणाली. "भाव काय कमी करंना."

बाहेर कुणाची तरी घागर दगडाला लागली. मी विचारलं, तुला हातावरचं कधी दिसलं. "हातावरचं आत्ता आलंय," ती म्हणाली. "पाठीवर लई दिवसांचं हाय." किती दिवसांचं, हे मी विचारलं नाही, कारण ते मला विचारायच्या आधी कळलं होतं. सगळे सोमवार एकदम पाठीवर आले. एवढ्या वर्षांची ती विभूती. उन्हाळ्यात सदरा काढून मी पोती वाहिली, शेकडो माणसांसमोर, पांढऱ्यावर पांढरं लावून. "पेटीतली?" मी म्हणालो. "ती कवाच सरली," ती म्हणाली. "आता बाजारची आनते. लुगडं तेवढं हाय." मी म्हणालो, "सांगायचं होतंस." "सांगून? घासत बसला असता." पुन्हा फडकं पिळलं. "दोघांचं कशाला विचारलंस?" मी म्हणालो. "तुझ्या अंगावर काय हाय? तुझा बाप बसलाय. तुला बसायचं होतं."

मग तिनं सांगितलं, जसं ती किराण्याचं सांगते तसं, एका सुरात. "तुमाला एकट्याला जाळलं तर लोक इचारतील, का जाळलं. इचारलं की उकरत्यात. दोघांला जाळलं तर म्हनतील, लातूरला राहून बिघडले. बिघडलेल्याच्या नातीला नवरा मिळतो. आदी मी गेले तर आदी मला जाळा, म्हंजे तुमचं सोपं जाईल. लिंगं दोन्ही ग्यानोबाभावजीकडं द्यायची, नदीला सोडील. मी बोलून ठिवलंय." आईला उकरल्याचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं, तेही तिला ठाऊक होतं. म्हणजे तिनं ग्यानोबालाही विचारलं होतं, माझ्याआधी, आणि तो काट्याच्या सावलीत माझा हात धरून बसला तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

उन्हं खिडकीतून फरशीवर आली होती. मी म्हणालो, "किती मोठं हाय?" ती म्हणाली, काय करायचंय. मी पुन्हा म्हणालो, किती मोठं हाय, मला दिसत न्हाई. तेव्हा ती माझ्या पुढं येऊन बसली. तांब्याच्या तळाशी होतं त्यात बोट बुडवलं आणि काळ्या फरशीवर रेघ ओढायला लागली, खांद्याकडून सुरू करून, आत वळून, एक टोक मानेकडं, मग लांब खाली, कमरेजवळ रुंद. ती आठवून काढत नव्हती, पाठ होतं तिला. मी रेघेमागून डोळे नेत होतो. खालची बाजू येईपर्यंत वरची वाळून गेली होती. ती शेवटाला आली तेव्हा फरशीवर फक्त शेवट होता, आणि मग तोही नव्हता.

"पुन्हा काढ," मी म्हणालो.

तिनं तांब्या उपडा करून दाखवला.